इटालियन अम्लरेखनांतील ग्रामजीवन (अठरावे शतक)

तांब्याच्या पत्र्यावर मेणयुक्त लेप देऊन त्यावर सुईने चित्र रेखाटावयाचे, उघड्या पडलेल्या रेषा अम्लाने कोरून घ्यावयाच्या व त्यांत शाई भरून कागदावर ठसे काढावयाचे, ही अम्लरेखनाची पद्धत होय. लेपावर सुई लेखणीसारखी सहज फिरत असल्याने चित्रकारांना स्वतःच मुद्राचित्रे करणे सुलभ झाले. अठराव्या शतकातील इटलीत शेतकरी व मेंढपाळ हे या माध्यमाचे एक आवडते विषय होते.

या चित्रणात दोन प्रवृत्ती आढळतात. पहिली विनोदप्रधान. जूल्यो चेझारे क्रोचे (१५५०–१६०९) याच्या बेर्तोल्दो या चतुर खेडुताची कथा १७३६ मध्ये बोलोन्या येथे पद्यरूपात प्रसिद्ध झाली. तीतील चित्रे जूझेप्पे मारीआ क्रेस्पी (१६६५–१७४७) याच्या कल्पनांवरून लूदोव्हीको मात्त्योली याने कोरली. राजालाही सडेतोड उत्तरे देणारा बेर्तोल्दो अखेर दरबारी पक्वान्ने न मानवल्याने, सलगम व घेवडा यांवाचून मरण पावतो.

दुसरी प्रवृत्ती गोपजीवनाची असून मिलानचा फ्रांचेस्को लोंदोन्यो (१७२३–८३) हा तिचा प्रमुख प्रतिनिधी होय. त्याच्या अम्लरेखनांत शेळ्या-मेंढ्या, गाई, गाढवे आणि त्यांच्या सोबतीला विसावलेले गुराखी व स्त्रिया दिसतात. काही प्रती रंगीत कागदावर छापून त्यांवर पांढऱ्या रंगाने उठाव दिलेला आहे. अनवाणी पाय, विटके कपडे, जनावरांची लोकर व शिंगे यांचे त्याचे निरीक्षण सूक्ष्म आहे. मात्र नांगरणी, कापणी वा खंडाची वसुली यांना त्यात फारसे स्थान नाही.

ही उणीव लक्षणीय आहे. लोंदोन्योच्या हयातीतच लाँबर्डीतील गरीब शेतकऱ्यांचा आहार मुख्यतः मक्याच्या घाट्यावर येऊन ठेपला होता. १७७१ मध्ये मिलानचा वैद्य फ्रांचेस्को फ्रापोल्ली याने त्यांच्यात आढळणाऱ्या पेलाग्रा (वल्कचर्म) या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘खरखरीत त्वचा’ असा त्या नावाचा अर्थ आहे. अशा आहारातील नायसिन जीवनसत्त्वाची न्यूनता हे त्याचे कारण विसाव्या शतकात निश्चित झाले. कथेतला खेडूत पक्वान्नांनी मेला. प्रत्यक्षातील खेडुताला निकृष्ट अन्नाने ग्रासले. त्यामुळे वेशभूषा व पशुधन यांविषयी ही अम्लरेखने मोलाचे साधन ठरत असली, तरी शेतकऱ्याच्या हलाखीसाठी वैद्यकीय नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.