खेळण्यातला बाण आणि सातपुड्यातला कामठा

नंदुरबार जिल्ह्यातल्या तीरकामठ्यावर बोलायचं, तर मी सुरुवात एका अमेरिकन खेळण्यापासून करणार आहे. जरा धीर धरा. आपण सातपुड्यातच परत येणार आहोत.

1970 साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने मऊ फोमचा एक चेंडू बाजारात आणला. त्याचं नाव 'नर्फ'. घरात फेकला तरी दिवा फुटणार नाही, काच तडकणार नाही, असं सांगून तो विकला गेला. पुढे 1991 मध्ये याच नावाने एक धनुष्यबाण आला. म्हणजे दिसायला धनुष्य. आतून बघितलं तर ती पिचकारीच होती. मागे ओढून सोडलं की नळीतली हवा दाबली जायची आणि नळीवर बसवलेला पोकळ, जाडजूड फोमचा बाण उडायचा. धनुष्याच्या वाकलेल्या बाजू केवळ शोभेच्या. फोम हलका, त्यात बाण जाड, त्यामुळे हवेच्या रोधाने त्याचा वेग लगेच पडायचा. म्हणून तर मुलं एकमेकांवर नेम धरू शकली. पुढे याच नावाची दुसरी धनुष्यं आणि फोमच्या बंदुका आल्या आणि हा पहिला नमुना बनणं बंद झालं.

आता आपला कामठा. भिल्लांचा कामठा बांबूचा, आणि त्याची दोरीसुद्धा बऱ्याचदा बांबूच्याच कामटीची. इथे शोभेचं काही नाही. वाकलेल्या बांबूत ताण साठतो आणि तोच ताण बाणाला वेग देतो.

दोन्हींना आपण धनुष्यच म्हणतो. मग एक खेळणं आणि दुसरं हत्यार, हे ठरवलं कोणी? टोक मऊ की लोखंडी, हे एक उत्तर झालं. ते बरोबरच आहे, पण पुरेसं नाही. इतिहासात हे बऱ्याचदा सत्तेने ठरवलंय.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातले भिल्ल त्यांना आवरेनात. मग 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. म्हणजे बघा, ज्यांच्या हातातल्या तीरकामठ्याची भीती, त्यांच्यातल्याच काहींच्या हातात सरकारने बंदूक दिली. तरी 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल इंग्रजी फौजेशी लढलेच.

त्यानंतर वीस वर्षांनी, 1878 मध्ये, शस्त्र कायदा आला. त्यात हत्यारांच्या व्याख्येत तोफ, बंदूक, तलवार, भाला यांच्या पंक्तीला धनुष्यबाणही बसवलेला आहे. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमाखाली आली. स्वतंत्र भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचं दार जवळजवळ बंदच झालं. वन्यप्राण्यांसाठी तो कायदा हवाच होता, त्याबद्दल माझा वाद नाही. पण रानात रोज कामठा वापरण्याचं कारणच त्यामुळे उरलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

खेळण्यांवरही कायदा आलाच. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. फेकल्या जाणाऱ्या वस्तूचं टोक कसं असावं, तिच्यात जोर किती असावा, हे त्या मानकांत तपासलं जातं. म्हणजे दोन्ही कायदे बाणाच्या टोकाकडेच बघतात. फरक एवढाच की 2021 च्या कायद्याला मुलाचा डोळा वाचवायचा आहे, तर 1878 च्या कायद्याला राज्य वाचवायचं होतं.

आणि 'बंद होणं' हेही दोन तऱ्हांचं असतं. नर्फचा तो धनुष्यबाण बंद झाला, पण जुने नग संग्राहकांनी जपून ठेवलेत. खोलून बघितला तर उद्या कोणीही तो पुन्हा बनवेल. कामठ्याचं तसं नाही. बांबू कोणता निवडायचा, कधी तोडायचा, किती तासायचा, हे करणाऱ्याच्या हातात असतं. आज कामठा होळीला, मोर्चात, सभेत दिसतो. मान मिळतो, आनंद आहे. पण मिरवणुकीतल्या कामठ्याला नेम लागावा लागत नाही. तासणाऱ्या हाताची परीक्षा तिथे होत नाही.

म्हणून एकच विनंती. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, तुमचा तालुका कुठलाही असो, पाड्यावर कोणी म्हातारे बाबा अजून कामठा तासत असतील तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.