ओळखीचे भांडवल

धंद्याला पैसा लागतो, जागा लागते, हात लागतात, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. परंतु बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदाराला विचारले, तर तो या यादीत आणखी एक जिन्नस घालील. तो जिन्नस म्हणजे ओळख. हे भांडवल खतावणीत मांडलेले नसते आणि चोरालाही ते नेता येत नाही. या भांडवलाची हकीकत सांगण्यासाठी आम्ही शिकागो शहर निवडले आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने व्यापाऱ्यांच्या क्लबाची कथा का सांगावी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच, की एकजूट कशी बांधावी हे मालकवर्गाला आपल्या आधी कळते, आणि त्यांचे पाहून शिकण्यात कमीपणा नाही.

१९०० साली शिकागोची वस्ती सतरा लाखांच्या घरात होती. पॉल हॅरिस नावाचा तरुण वकील १८९६ साली तेथे वकिली करावयास आला. त्याचे बालपण व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड या लहानशा गावी आजी-आजोबांजवळ गेले होते. अशा गावात वाणी, शिंपी, वकील ही सारी मंडळी एकमेकांना नावाने हाक मारतात. महानगरात शेजारच्या कचेरीत कोण बसतो, हेही ठाऊक नसते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जण जमले. हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, गुस्टावस लोर खाणकामाचा इंजिनियर आणि हायरम शोरी शिंपीकाम करणारा. पुढल्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या. या फिरत्या पाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले.

या मंडळींचा नियम मोठा मार्मिक होता. एका धंद्याचा एकच सभासद घ्यावयाचा. कोळसेवाला एक, छापखानेवाला एक, वकील एक. म्हणजे आपसात स्पर्धा नाही आणि प्रत्येकाला बाकीच्यांचे गिऱ्हाईक आपोआप मिळते. १९०६ साली जी घटना लिहिली गेली तिच्यात प्रथम दोनच उद्देश होते : सभासदांच्या धंद्याची वाढ आणि आपसातला स्नेह. कोणी कोणाला किती धंदा मिळवून दिला, याची नोंद ठेवणारा एक स्वतंत्र अधिकारीही नेमलेला असे. मैत्रीचा असा रोखठोक हिशेब आमच्या भिशीतही कोणी ठेवला नसेल.

त्याच वर्षी डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण गेले. त्याने घटना वाचली आणि नकार दिला. जी संस्था आपल्या सभासदांपलीकडे कोणाचेच भले करीत नाही ती टिकणार कशी, असा त्याचा आक्षेप होता. त्याच्या सांगण्यावरून शहराच्या हिताचा तिसरा उद्देश घटनेत आला. १९०७ साली क्लबाने हाती घेतलेले काम म्हणजे सार्वजनिक शौचालये! गंमत अशी, की त्याला विरोध झाला तो दारू गाळणाऱ्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. दारूच्या गुत्त्यात आणि दुकानात ही सोय होतीच, आणि त्या निमित्ताने गिऱ्हाईकही आत येत असे. १९१० पर्यंत सोळा क्लब झाले. आपल्याकडे कलकत्त्यास १९१९ साली आणि मुंबईस १९२९ साली क्लब निघाला.

आता याच शहराच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. १८८६ सालच्या आठ तासांच्या लढ्यामुळे शिकागोचे नाव प्रत्येक मे दिनाला आपण घेतो. हॅरिसच्या बैठकीनंतर चारच महिन्यांनी, २७ जून १९०५ रोजी, तेथेच ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही कामगार संघटना स्थापन झाली. दोघांचे दुखणे एकच होते : अफाट शहरात एकट्या माणसाला किंमत नाही. औषध मात्र उलटे. क्लब म्हणे, एका धंद्यातला एकच घ्या. युनियन म्हणे, एका धंद्यातले सगळेच्या सगळे घ्या. पहिल्या रीतीत जो आत आला त्याचा फायदा होतो. त्याच पेठेतला दुसरा कोळसेवाला मात्र दाराबाहेर उभा राहतो.

दाराबाहेर राहणे म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरणगावाने पुरते भोगले आहे. गिरणीच्या फाटकावर जॉबरची ओळख असेल तर काम, आणि त्या ओळखीसाठी दस्तुरी. १९३५ साली बदली कामगारांच्या भरतीवर नियंत्रण आले, ते या प्रकाराला आळा घालण्यासाठीच. ज्याची ओळख एकाच माणसाशी, तो त्या माणसाचा बांधलेला. दहा ठिकाणी ओळख असलेला माणूस मान ताठ ठेवू शकतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. नोकरीची बातमी घरच्या जिवलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून अधिक येते, कारण जिवलगांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते.

क्लबाच्या दाराबाहेर स्त्रियाही होत्या. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे येथील क्लबाने स्त्रियांना सभासद केले म्हणून १९७८ साली त्याची मान्यता काढून घेण्यात आली. क्लब कोर्टात गेला. अशा क्लबात धंद्याच्या ओळखी मिळतात, तेव्हा हा केवळ घरगुती स्नेहाचा मामला नव्हे, असा मुद्दा तेथे निघाला, आणि १९८७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. १९८९ पासून जगभरचे क्लब स्त्रियांना मोकळे झाले. ओळख ही मिळकत आहे, यावर जणू कोर्टाची मोहोर उमटली.

२००३ साली लिंक्डइन सुरू झाले आणि ७११ क्रमांकाची ती खोली प्रत्येकाच्या खिशात आली. येथे एका धंद्यातले हजार जण येऊ शकतात. ही सुधारणाच आहे. परंतु २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६.२ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा विकत घेतले ते काय? जमीन नव्हे, गिरण्या नव्हेत. कोट्यवधी लोकांच्या ओळखी विकत घेतल्या. ओळख खतावणीत मांडलेली नसते, असे आम्ही आरंभी म्हटले. आता ती मांडली गेली आहे, पण खतावणी परक्याच्या कपाटात आहे.

म्हणून धंदा वाढवू पाहणाऱ्या तरुणांनी या नव्या साधनाचा उपयोग खुशाल करावा. मात्र कार्टरने विचारलेला प्रश्न स्वतःस विचारावा : आपल्या या ओळखीतून आपल्यावाचून आणखी कोणाचे भले होते काय? आणि त्याला आमच्या चळवळीचा एक प्रश्न जोडावा : दाराबाहेर कोण उभा आहे? दुसऱ्याला काम मिळवून देणाऱ्याचे नाव पेठेत पुढे जाते. नुसते मागत फिरणाऱ्याला दोनदा दार उघडते, तिसऱ्यांदा घरात कोणी नसते.