अंगावरचे दूध पुरते का?
नवमातेला सर्वाधिक छळणारी शंका म्हणजे ‘दूध पुरत नाही’. परदेशात ती अधिकच बळावते. व्हिडिओ कॉलवरून ‘वरचे दूध सुरू करा’ हा सल्ला तत्परतेने मिळतो. वस्तुतः बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. वरच्या दुधाने ही मागणीच घटते. पंपाने निघालेले दूध हेही पुरेसेपणाचे माप नव्हे. पाचव्या दिवसानंतर रोज किमान ६ डायपर ओले होणे आणि सुमारे २ आठवड्यांत जन्मवेळचे वजन पुन्हा गाठणे, या खऱ्या खुणा. त्या दिसत नसतील तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. तेव्हा वरचे दूध नाकारू नये. पाजताना वेदना होत असल्यास बहुधा पकड उथळ असते. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. स्तन लालसर होऊन ताप आल्यास उपचार घ्यावेत, पण पाजणे सहसा थांबवू नये.