व्यवसायासाठी इंटरनेट : जोडणी निवडताना कोणता विचार करावा?

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, बालाघाट–सिवनी मार्गावर वसलेले लालबर्रा हे तहसिलीचे गाव. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता; आजही त्याची सीमा गोंदिया जिल्ह्याला भिडते. धान हे येथील मुख्य पीक असून बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. भातगिरण्या, कृषी केंद्रे, किराणा दुकाने आणि ऑनलाइन सेवा केंद्रे यांभोवती अशा गावाचे अर्थकारण फिरते आणि या प्रत्येक व्यवहाराची वाट आता इंटरनेटवरून जाते.

धानाची सरकारी खरेदी ‘ई-उपार्जन’ संकेतस्थळावर नोंदवली जाते. राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांहून अधिक मूल्याच्या करपात्र मालाला ई-वे बिल लागते. वार्षिक उलाढाल 5 कोटींहून अधिक असेल, तर अन्य व्यावसायिकांना दिलेली बिलेही ऑनलाइन नोंदवावी लागतात. ऐन हंगामात जोडणी तुटली, की भरलेला ट्रक गिरणीच्या फाटकातच उभा राहतो. म्हणूनच जोडणीची निवड केवळ मासिक भाडे पाहून करणे महागात पडते. गोव्यातील सत्तरी, सांगे वा काणकोणच्या अंतर्भागातील व्यावसायिकांपुढेही हाच प्रश्न असतो.

आधी गरज मोजावी

यूपीआय, जीएसटी विवरणपत्रे आणि बिले यांना वेग फारच थोडा लागतो. त्यांना हवे असते सातत्य. भार वाढतो तो सीसीटीव्हीमुळे. एक कॅमेरा 2 एमबीपीएस वेगाने अखंड चित्रण क्लाउडवर पाठवीत असेल, तर दिवसाला 21.6 जीबी आणि 30 दिवसांत 648 जीबी माहिती जाते. असे चार कॅमेरे असल्यास 1,000 जीबीची मासिक मर्यादा बाराव्या दिवशीच संपते. चित्रण जागेवरच्या रेकॉर्डरमध्ये साठवून गरजेपुरतेच बाहेरून पाहिले, तर हा भार जवळजवळ नाहीसा होतो. येथे महत्त्वाचा असतो अपलोडचा वेग. जाहिरातीत मात्र बहुधा डाउनलोडचाच आकडा ठळक असतो.

फायबर

दारापर्यंत फायबर येत असेल, तर पहिली पसंती त्यालाच द्यावी. प्रचलित जीपॉन पद्धतीत एका तंतूवरील सुमारे 2.5 जीबीपीएस क्षमता 32 वा 64 ग्राहकांत विभागली जाते. वाटेतील विभाजकांना वीज लागत नाही. त्यामुळे गावातील वीज गेली, तरी केंद्राकडील आणि ग्राहकाकडील उपकरणे चालू असतील तर जोडणी टिकते. तांब्याच्या तारेप्रमाणे काचेच्या तंतूतून विजेचा लोळ उपकरणांत शिरत नाही, हा पावसाळ्यातील आणखी एक लाभ.

त्याचे वैरी म्हणजे रस्तारुंदीकरण आणि जेसीबी. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेली. तिच्या आरंभीच्या रचनेत गावे एका सरळ रेषेत जोडलेली असल्याने एका ठिकाणी तार तुटली, की पुढची सारी गावे बंद पडत. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना स्वीकारली आहे. एक बाजू तुटल्यास दुसरीकडून वाट मिळते. सबब, फायबर घेताना वेगाआधी विचारावे, की तार तुटल्यास ती जोडणारे पथक कोठून येते आणि शेजारच्या ग्राहकांचा अनुभव काय आहे.

एअरफायबर आणि मोबाइल जोडणी

2023 पासून देशात रुळलेल्या 5जी एअरफायबरमध्ये छतावरील यंत्र टॉवरकडून संकेत घेते. खोदकाम नसल्याने ती लवकर मिळते. परंतु टॉवरची क्षमता परिसरातील सर्व मोबाइलधारकांत वाटली जाते. संध्याकाळी वेग घटू शकतो. दाट झाडी, उंच गोदाम वा पत्र्याचे छत आड आल्यास संकेत क्षीण होतो. मागणी नोंदवण्यापूर्वी त्याच जागी, त्याच कंपनीच्या सिमकार्डावर सकाळ, दुपार आणि रात्र अशी तीन वेळा चाचणी घ्यावी. वनक्षेत्राला लागून असलेल्या गावांत 5जी नसेल, तर 4जी राउटर हा साधा पर्याय उरतो. केवळ बिले आणि यूपीआय यांसाठी तो पुरेसा ठरतो.

कार्यालयाबाहेरून थेट आपल्या सर्व्हरशी संपर्क साधायचा असल्यास स्थिर आयपी पत्ता मिळेल का, हेही विचारावे. मोबाइल जाळ्यावर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो.

उपग्रह आणि लीज्ड लाइन

भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. संदेश जाऊन उत्तर येण्यास साधारण अर्धा सेकंद लागतो. बिले वा बँकेच्या कामाला ते चालते, व्हिडिओ बैठकीत मात्र अडखळते. स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून फिरतात, म्हणून हा विलंब बराच घटतो. स्टारलिंकला जून 2025 मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. जेथे फायबर नाही आणि टॉवरही पोहोचत नाही, तेथेच उपग्रहाचा विचार करावा.

लीज्ड लाइनमध्ये ठरलेला वेग दोन्ही दिशांना समान आणि केवळ एकाच ग्राहकासाठी राखीव असतो. ती महाग असते. मात्र तिच्यासोबत सेवा-हमीचा करार मिळतो. त्यातील टक्केवारी वेळेत मांडून पाहावी. 99 टक्के उपलब्धता म्हणजे महिन्याला सुमारे सात तास बंद, 99.5 टक्के म्हणजे सुमारे साडेतीन तास. हमी मोडल्यास भाड्यात किती सूट मिळेल, हे करारात लिहिलेले नसेल, तर त्या हमीला अर्थ उरत नाही.

दुसरी वाट राखावी

लहान व्यवसायाला एका महागड्या जोडणीपेक्षा दोन साध्या जोडण्या अधिक उपयोगी पडतात. मुख्य फायबर आणि राखीव म्हणून दुसऱ्या कंपनीचे 4जी सिमकार्ड, अशी जोडी बसवावी. दोन्ही जोडण्या स्वीकारणारा राउटर एक बंद पडताच आपोआप दुसरीवर जातो. दोन्ही फायबर असल्यास त्या एकाच खांबावरून वा एकाच चरातून येत नाहीत ना, याची खात्री करावी. राउटर आणि फायबरचे यंत्र बहुधा 12 व्होल्टवर चालते; त्यांना छोटा यूपीएस जोडल्यास भारनियमनातही काम थांबत नाही.

करार आणि कर

व्यवसायाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह बिल घ्यावे. ब्रॉडबँडवर 18 टक्के कर लागतो. करपात्र माल विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळू शकते, कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मात्र मिळत नाही. तक्रार करताना नोंद क्रमांक अवश्य घ्यावा. निराकरण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत दाद मागता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही.

थोडक्यात

किराणा दुकान वा कृषी केंद्र : साधे फायबर वा 4जी, सोबत दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड. सेवा केंद्र वा कॅमेरे असलेली भातगिरणी : फायबर, राखीव 5जी वा 4जी आणि यूपीएस. अनेक शाखांचा सर्व्हर सांभाळणारा व्यवसाय : लीज्ड लाइन आणि स्वतंत्र मार्गाने येणारी दुसरी जोडणी. बारा महिन्यांचे आगाऊ भाडे भरण्यापूर्वी एक महिना वापरून पाहावे आणि ही चाचणी हंगाम सुरू होण्याआधीच उरकावी.