गिरगावची खोताची वाडी : ही घरे कोणाची?

गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरून आत वळले की खोताची वाडी लागते. ती पाहण्यास येणारी मंडळी तेथील घरांना सरसकट ‘पोर्तुगीज बंगले’ म्हणतात. आपली ख्रिस्ती कुटुंबेही हा शब्द बिनतक्रार उच्चारतात. आमच्या मते तो इतिहासाला धरून नाही. परक्याची म्हणून ओळखली जाणारी वस्तू नाहीशी झाली तर कोणी हळहळत नाही. म्हणून या शब्दाची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

पोर्तुगिजांनी मुंबई बेट १६६५ साली इंग्रजांच्या हवाली केले. वाडी वसली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. दादोबा वामन खोत हे पाठारे प्रभू गृहस्थ या जमिनीचे खोत. जमिनीचा सारा वसूल करून सरकारात भरणे हे खोताचे काम. त्यांनी आपल्या वाडीतील जमिनीचे तुकडे येथल्याच ख्रिस्ती कुटुंबांना विकले. हिंदू खोताचे नाव ख्रिस्ती वस्तीने तेव्हापासून आजतागायत जपले आहे.

आता घरांकडे पाहू. तळमजला व वर एक मजला, अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण. पुढे ओटा अथवा व्हरांडा. तो थेट गल्लीला भिडलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता यावे, संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी टेकावे, अशी ही जागा कोकणातल्या कोणत्याही घराच्या ओटीची सख्खी बहीण आहे. कित्येक घरांचा जिना बाहेरून वर जातो. त्यामुळे आतली जागा वाचते आणि वरचा मजला विवाहित भावाला किंवा भाडेकरूला स्वतंत्रपणे देता येतो. एकत्र कुटुंबाची गरज सुताराने अशी सोडवली.

साहित्याची साक्ष तर अधिकच बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत ब्रह्मदेशी सागवानाची मोठी आवक होऊ लागली. त्या व्यापारातली प्रसिद्ध बॉम्बे बर्मा कंपनी १८६३ साली स्थापन झाली. छपरावरची चपटी तांबडी मंगलोरी कौले तर त्याहून पूर्वीची असूच शकत नाहीत, कारण बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे कॅथलिक कुटुंबांच्या डोक्यावर प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी रूढ केलेले कौल आले! छपराच्या कडेची कोरीव लाकडी झालर, नक्षीचे कठडे, रंगीत काचा हा सारा इंग्रजी अमदानीतल्या मुंबईचा थाट होय. पोर्तुगीज अमलाचा ठसा येथे नाहीच, असे आमचे म्हणणे नाही. तो धर्मात आहे, आडनावांत आहे, बोलीतल्या शब्दांत आहे. परंतु ही घरे पोर्तुगिजांनी बांधली नाहीत.

यात एक विसंगतीही आहे. या समाजालाही पूर्वी ‘पोर्तुगीज’ म्हणत. ती ओळख पुसण्यासाठी, आणि नोकरीधंद्यासाठी आलेल्या गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावे म्हणून, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. माणसांनी जे नाव टाकले, ते घरांना मात्र चिकटून राहिले.

आज या घरांची स्थिती काय? वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरे होती. त्यांतली निम्म्याहून अधिक आता राहिलेली नाहीत. त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. याचा दोष केवळ लोभाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मिळणाऱ्या भाड्यात कौले शाकारणेही परवडेना. सागवान महागले, कसबी सुतार दुर्मिळ झाले. एका घराला दहा वारस, त्यांतले काही परदेशी. मग विकून वाटणी करणे हाच सोपा मार्ग ठरतो. मुंबईत वारसा-वास्तूंच्या रक्षणाचे नियम १९९५ साली लागू झाले; पण नियम पाडकाम रोखू शकतो, गळके छप्पर दुरुस्त करण्यास पैसा देत नाही.

ज्यांच्या नावे अशी जुनी घरे आहेत, त्या कुटुंबांना आमची विनंती एवढीच. सही करण्यापूर्वी एक काम करावे. घर कोणी बांधले, लाकूड कोठून आले, ओट्यावर कोणाचे साखरपुडे झाले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. जुनी खरेदीखते व छायाचित्रे एकत्र करावीत. घर राखायचे की द्यायचे, याचा निर्णय कुटुंबाचा आहे. पण तो घेताना आपण कोणा पोर्तुगिजाचा बंगला नव्हे, तर आपल्याच पूर्वजांच्या घामाची कमाई हातावेगळी करीत आहोत, एवढे भान असावे.