मराठी राज्यातील सत्तांतर : सातारा ते पुणे

अठराव्या शतकात मराठी राज्याची प्रत्यक्ष सत्ता छत्रपतींकडून पेशव्यांकडे आणि पुढे पेशव्यांकडून कारभाऱ्यांकडे गेली, ती प्रक्रिया. गादी साताऱ्यास राहिली. फौज, तिजोरी आणि दफ्तर पुण्यास आले. १७५० चा सांगोल्याचा करार हा या प्रक्रियेतील निर्णायक टप्पा होय. इंग्लंडमध्येही याच सुमारास राजाची सत्ता मंत्र्यांच्या हाती जात होती. तेथे मंत्री पार्लमेंटला बांधलेला होता. पेशव्याला बांधून ठेवील अशी संस्था मराठी राज्यात उभी राहिली नाही.

पूर्वपीठिका : शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी (६ जून १६७४) अष्टप्रधानांची व्यवस्था पक्की झाली. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान. त्याचे वार्षिक वेतन १५,००० होन होते. प्रधानपदे वंशपरंपरागत नव्हती आणि वेतन रोख मिळे. प्रधान नेमणे व दूर करणे सर्वस्वी छत्रपतींच्या हाती होते. संभाजी महाराजांच्या वधानंतर (१६८९) ही घडी विस्कटली. राजाराम महाराज जिंजीस गेले, ‘प्रतिनिधी’ हे नवे पद अष्टप्रधानांच्याही वर निर्माण झाले आणि मोगलांशी झुंजणाऱ्या सरदारांना वतने व सरंजाम द्यावे लागले. राज्य तगले, पण सरदारांना स्वतःचे मुलूख आणि स्वतःच्या फौजा मिळाल्या.

शाहूकाल : शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. राजाराम महाराजांच्या विधवा पत्नी ताराबाई यांच्या पक्षाशी झगडताना त्यांना बाळाजी विश्वनाथांचा मोठा आधार झाला. १७१३ मध्ये बाळाजींना पेशवेपद मिळाले. १७१९ मध्ये त्यांनी दिल्लीहून स्वराज्य (शिवकालीन मुलूख), चौथाई (दख्खनच्या मोगल मुलखातील महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखी (त्यावरचा आणखी एक हिस्सा) यांच्या सनदा आणल्या.

या उत्पन्नाची वाटणी पाहिली म्हणजे सत्तेचा ओघ कळतो. चौथाईचा चौथा हिस्सा, म्हणजे शेकडा २५, ‘राजबाबती’ म्हणून छत्रपतींचा. उरलेल्या ७५ पैकी ६ ‘सहोत्रा’ पंतसचिवांकडे, ३ ‘नाडगौडा’ म्हणून छत्रपती देतील त्याला आणि बाकीचे ६६ ‘मोकासा’ या नावाने फौज बाळगणाऱ्या सरदारांकडे जात. वसुलीचा मोठा वाटा तलवार चालवणाऱ्याच्या हाती राहिला. मुलूख वाढला तसे राजाच्या नावावरचे उत्पन्न वाढले, पण त्याहून सरदारांचे बळ अधिक वाढले.

१७२० मध्ये पहिले बाजीराव पेशवे झाले आणि मुलाने वडिलांच्या पदावर येण्याचा पायंडा पडला. १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचे काम सुरू झाले व १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि पेशव्यांचा प्रबळ प्रतिस्पर्धी दूर झाला. तरीही शाहू महाराज केवळ नामधारी नव्हते. १७४३ मध्ये बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशवे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्यातील बंगाल–बिहारचा तंटा त्यांनीच तोडला. १७४७ मध्ये त्यांनी नानासाहेबांना काही काळ पेशवेपदावरून दूरही केले होते. पेशव्यांच्या मुद्रेवर शाहू महाराजांचे नाव आधी आणि पेशव्याचे नाव ‘मुख्य प्रधान’ या पदवीसह नंतर येई. शाहूंच्या हयातीत हा क्रम बऱ्याच अंशी खरा होता.

सांगोल्याचा करार : शाहू महाराज निपुत्रिक होते. १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचे निधन झाले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजांना जानेवारी १७५० मध्ये गादीवर बसवण्यात आले. नानासाहेबांनी प्रमुख सरदारांना पुण्यास बोलावून पुढील व्यवस्था ठरवली. मसलतीची जागा साताऱ्याहून पुण्यास आली ती तेव्हापासून. सप्टेंबर १७५० मध्ये पंढरपूरजवळच्या सांगोल्यात नानासाहेबांचे चुलतभाऊ सदाशिवराव भाऊंनी रामचंद्रबाबा शेणवी यांच्या सल्ल्याने रामराजांकडून कारभाराचे अधिकार पेशव्यांच्या हाती घेतले. पेशवे जे करतील त्याला राजाने मान्यता द्यावी, बदल्यात साताऱ्याभोवतीचा लहानसा मुलूख राजाच्या प्रत्यक्ष व्यवस्थेत राहावा, असे त्याचे स्वरूप इतिहासकार ग्रँट डफने दिले आहे. मुलुखाची अट पाळली गेली नाही.

ताराबाईंनी हे मान्य केले नाही. नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि त्र्यंबकरावांच्या आई उमाबाई दाभाडे व सरदार दमाजी गायकवाड यांना आपल्या बाजूस घेतले. १७५१ मध्ये गायकवाडांचा पराभव झाला. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबापुढे ताराबाईंनी रामराजे आपले नातू नसल्याची शपथ घेतली. त्यानंतर गादीकडे स्वतःचे बळ असे काही उरले नाही.

पेशव्यांकडून कारभाऱ्यांकडे : जे छत्रपतींच्या बाबतीत घडले तेच पुढे पेशव्यांच्याही बाबतीत घडले. नानासाहेबांचे पुत्र थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचे धाकटे भाऊ, नवे पेशवे नारायणराव यांचा खून झाला. साताऱ्याहून त्यांचे चुलते रघुनाथराव यांना पेशवाईची वस्त्रे, म्हणजे पदाची मान्यता, मिळाली. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध ‘बारभाईं’चे मंडळ उभारले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या या मुलासाठी साताऱ्याहून पुन्हा वस्त्रे आली. वस्त्रांवाचून पेशवा होता येत नव्हते, पण ती कोणाला द्यायची हे छत्रपती ठरवत नव्हते.

बारभाई हा मराठी इतिहासातील सामुदायिक कारभाराचा सर्वांत ठळक प्रयोग होय. त्यांनी इंग्रजांशी झुंज दिली, राज्य राखले आणि सालबाईचा तह (१७८२) घडवून आणला. पण मंडळाचे सभासद कोणी निवडलेले नव्हते, त्यांचे अधिकार लेखी ठरलेले नव्हते, आणि मतभेद झाल्यास निवाडा कोणी करायचा याचा नियम नव्हता. काही वर्षांतच आपसांत फूट पडली, सखारामबापू कैदेत गेले आणि कारभार नाना फडणवीसांच्या एकट्याच्या हाती एकवटला. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर (१७९५) वारसाच्या कटकटी माजल्या. १८०० मध्ये नाना वारले आणि १८०२ अखेर रघुनाथरावांचे पुत्र, पेशवे दुसरे बाजीराव यांनी वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली.

अखेर : नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला, त्यात साताऱ्याच्या राजाला राज्य देण्याचे वचन होते. जे नाव पेशव्यांनी कारभारापुरते वापरले, तेच इंग्रजांनी पेशवाई बुडवताना वापरले. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना लहानसे राज्य मिळाले, पण १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि अनेक वर्षे तेथे झगडले. १८४८ मध्ये प्रतापसिंहांच्या जागी बसवलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे वारल्यावर दत्तकाचा हक्क नाकारून सातारा खालसा करण्यात आले.

इंग्लंडशी तुलना : १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने इंग्लंडच्या राजाला पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवण्याची किंवा शांततेच्या काळात खडी फौज ठेवण्याची मनाई झाली. पैशासाठी राजाला वारंवार पार्लमेंट बोलवावे लागू लागले. १७२१ पासून रॉबर्ट वॉलपोल पहिला पंतप्रधान मानला जातो. बाजीराव पेशवे झाले त्याच्या पुढच्याच वर्षी. पण वॉलपोलला १७४२ मध्ये पार्लमेंटचा पाठिंबा सुटताच पद सोडावे लागले, आणि पद त्याच्या घराण्यात राहिले नाही.

मूल्यमापन : पेशव्यांनी सत्ता बळकावली, हा निव्वळ आरोप अपुरा आहे. कर्तबगारीच्या जोरावर त्यांनी राज्य अटकेपर्यंत नेले. कमकुवत गादीच्या काळात कोणीतरी भार उचलणे भागही होते. दोष आहे तो सत्ता एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात गेली आणि तेथेच थांबली, यात. हिशेब मागणारी, चुकल्यास पदावरून दूर करणारी आणि वारसा नसतानाही टिकणारी संस्था मराठी राज्याने घडवली नाही. त्यामुळे एका वंशात नालायक माणूस आला तेव्हा त्याला आवरणारे कोणी नव्हते, आणि पुण्याबरोबर साऱ्या महाराष्ट्राचे स्वातंत्र्य गेले.