गोकाकचे पाणी

पावसाळ्यात गोकाकला जाणे ही निपाणीकर आणि बेळगावकर दोघांच्याही घरची जुनी सहल. जाताना दशम्यांचा डबा, येताना करदंटाचा पुडा. धबधबा दिसण्याआधी त्याचा आवाज कानावर येतो. खडकाळ पात्रातून आलेली घटप्रभा घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली कोसळते. काठावर चालुक्यांच्या काळातले महालिंगेश्वराचे देऊळ तुषारांत भिजत उभे असते.

हे पाणी आपल्या ओळखीचे. आंबोलीची हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते आणि मग ते सारे पाणी या कड्यावर येते. 1956 साली राज्यांच्या सीमा बदलल्या, पाण्याची वाट तीच राहिली.

आता थोडे आमच्या चुकीविषयी. 'आशियातली पहिली वीज 1887 मध्ये गोकाकला निघाली' असे आम्ही लहानपणी ऐकले आणि पुढे मुलांनाही ऐकवले. खरी हकीकत जरा वेगळी आहे. 1885 साली येथे कापडगिरणीची कंपनी निघाली आणि 1887 च्या सुमारास गिरणी पाण्यावर चालू लागली. कापूस आसपासच्या काळ्या रानातला, पण कोळसा मात्र लांबून आणावा लागणार. तेव्हा कड्यावरून नळांतून पाणी खाली सोडले, पायथ्याशी टर्बाइन फिरवले आणि ती गती जाड दोरांनी वर गिरणीत पोचवली. चात्या फिरत होत्या त्या थेट पाण्याच्या जोरावर. वीज नंतर आली. पाण्यापासून वीज करण्याचा देशातला पहिला मान दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला, 1897 चा. आपल्या खोपोलीचे टाटांचे केंद्र तर 1915 चे.

म्हणजे गोकाकचा मान कमी झाला का? आम्हाला तसे वाटत नाही. बल्ब पेटवणे सोपे नव्हतेच, पण दीडशे फुटांहून खोल दरीतली ताकद दोरांनी वर ओढून हजारो चात्या फिरवणे हेही येरागबाळ्याचे काम नव्हे. शिवाय उन्हाळ्यात नदी आटली की ताकदही आटायची, ही धास्ती कायमची.

पुढच्या आषाढात पोरांना घेऊन गेलात तर धबधब्याचे फोटो काढून झाल्यावर कड्याखालची जुनी पॉवर हाऊसची इमारतही त्यांना दाखवा, आणि दोरांची गोष्ट सांगा.